गाडीच्या मालकीणबाई

काचेवर डकवलेला तो नारिंगी कागद त्याने आधी दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीवरचा म्हणून वाचला. हे वाहन बेवारस असल्याचे आढळले आहे, मालकाने येत्या रविवारपर्यंत समितीशी संपर्क न साधल्यास ते भंगारात देण्यात येईल, खाली सचिवांची सही. आवारात नवी फरशी बसवायची होती, त्यासाठी कोपरा मोकळा करायचा होता. वाचताना त्याला त्या अनोळखी मालकाची जराशी कीवही आली. असेल बिचारा कुठेतरी, त्याला पत्ताही नसेल, आणि इथे त्याच्या गाडीला लोक भंगारवाल्याच्या तोंडी द्यायला निघालेत. कागद वाकडा डकवला होता. एका कोपऱ्यातून खळीचा ओघळ निघून वाळला होता, आणि त्याचं बोट सवयीने तो ओघळ खरवडायला पुढे झालं. त्या ओघळापलीकडे, काचेच्या आत, स्टिअरिंगवरचं निळ्या लोकरीचं विणलेलं आवरण त्याला दिसलं. ते कुणी विणलं होतं, कोणत्या हिवाळ्यात विणलं होतं, विणताना किती वेळा उसवलं होतं, हे सगळं त्याला ठाऊक होतं. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की बेवारस म्हणतायत ते आपल्याला.

म्हणजे गाडीला. पण फरक करायला तो विसरला. आजूबाजूला कुणी बघत नाही ना, हे पाहून तो दोन पावलं मागे सरकला आणि कितीतरी दिवसांनी त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. रोज तिच्या शेजारूनच तो जात-येत असे. पण आपली उधारी असलेल्या दुकानावरून जाताना माणूस जसा समोर बघत चालतो, तसा. गाडी लाल होती. त्याच्या लेखी अजून लालच होती. डाळिंब फोडल्यावर आतला जो पहिला दाणा दिसतो, तसला रंग बायकोने हट्टाने निवडला होता, विक्रेता पांढरी घ्या, करडी घ्या म्हणून डोकं खात होता, आणि ती म्हणाली होती, "करडं माणूस घरात आहे एक, गाडी तरी लाल असू दे." आता समोर उभी होती ती खडूच्या कांडीसारखी, गुलाबी म्हणवत नाही आणि पांढरी म्हणवत नाही अशी काहीतरी. छतावर तर ढगाळ डाग पडले होते. त्याने बॉनेटवर तळहात टेकवला आणि उचलला, तर हाताला भुकटी लागली. फळा पुसल्यावर लागते तशी.

वास्तविक यात अवघड काही नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर जायचं, घंटा वाजवायची, आणि सचिवांना सांगायचं की गाडी माझी आहे. एवढंच वाक्य. तो त्याच संध्याकाळी गेलाही. आतून माणसांच्या हसण्याचा आवाज येत होता, भांडी वाजत होती, कुणीतरी "अरे, मला मीठ नकोय" असं ओरडत होतं. त्याचं बोट घंटेपाशी गेलं आणि तिथेच घोडं अडलं. गाडी माझी आहे. पण ती कुठे त्याची होती? कागदोपत्री तिची, चावी तिच्या पर्समधली, चालवणारी ती. त्याला तर गाडी चालवता येतच नव्हती. सचिव विचारतील, कुणाच्या नावावर आहे? मग तो म्हणेल, बायकोच्या. मग ते म्हणतील, त्यांना पाठवून द्या ना. आणि मग ते वाक्य बोलावं लागेल. ते वाक्य त्याच्या तोंडातून आजवर एकदाही निघालं नव्हतं. इस्पितळात ते डॉक्टरांनी उच्चारलं होतं. नातेवाइकांना तिच्या भावाने फोन केले होते. तो काम करायचा त्या फोटो स्टुडिओत मालकाने सगळ्यांना परस्पर सांगून टाकलं होतं. त्याने नुसती मान हलवली होती. वर्षं गेली तरी कुणी विचारलं नाही, कारण ज्यांना ठाऊक होतं त्यांना ठाऊक होतं, आणि ज्यांना नव्हतं त्यांना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. मूलबाळ नव्हतं. इमारतीत जुने भाडेकरू जाऊन नवे आले, वॉचमन तर ऋतू बदलावा तसे बदलत. तो घंटा न वाजवताच जिना उतरून आला. वर घरी जायचं सोडून तो खाली का आला, हे त्याचं त्यालाच कळलं नाही. उतरताना मात्र त्याच्या मनाने एक तोडगा काढला होता, आणि तो त्याला फारच सोपा वाटला. गाडी बेवारस दिसते म्हणून कागद लावला. मग ती बेवारस दिसेनाशी केली की झालं. चकचकीत गाडीला कोण भंगारात देईल? कुणाच्या दारात उभं राहायला नको, काही सांगायला नको.

रंगाच्या दुकानदाराने त्याला दोनच गोष्टी विचारल्या. गाडी किती जुनी आणि रंग मूळचाच का. मग म्हणाला, "तेव्हाचे रंग एकेरी असायचे काका, वरून काचेसारखा थर नाही. चोळलंत की फडक्याला लाल लागेल. लागू द्या. वरचा मेलेला थर निघाला की खालचा जिवंत दिसेल. फक्त उन्हात करू नका, आणि कडांवर हात हलका ठेवा. कडेला रंग पातळ असतो." वरचा थर घासून काढणाऱ्या रबिंग कंपाउंडचा डबा, पॉलिशची बाटली, मेणाची चपटी डबी, कागदी चिकटपट्टी असं सगळं घेऊन तो निघाला तेव्हा त्याला वाटलं, हा माणूस गाडीबद्दल बोलतच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इमारतीची सावली त्या कोपऱ्यावर होती तोवर, त्याने कामाला हात घातला. जुनी विजार, बिनबाह्यांचा स्वेटर, बादली. साबणाच्या पाण्याने गाडी धुतली तेव्हा पहिलं पाणी चहासारखं निघालं. ओली गाडी क्षणभर लाल झाली, अगदी पूर्वीसारखी, आणि वाळत गेली तशी पुन्हा खडूची होत गेली. रबराच्या कडांना त्याने पट्ट्या लावल्या. हे काम त्याच्या हाताचं होतं. आयुष्यभर त्याने स्टुडिओच्या मागच्या खोलीत लोकांच्या चेहऱ्यांवर हेच केलं होतं: आधी काचेच्या निगेटिव्हवर टोक काढलेल्या पेन्सिलीने, पुढे छापील फोटोवर तीन केसांच्या ब्रशने. मुरुमं, देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, नवरदेवाच्या गालावरचा वस्तऱ्याचा काप. ग्राहकाला कधी तो दिसत नसे आणि ग्राहक त्याला दिसे तो नेहमी उलटा, काळ्याच्या जागी पांढरा. त्यामुळे रस्त्यात एखादा माणूस त्याला चेहऱ्याने ओळखीचा वाटे, पण त्या माणसाला तो नाही. हे त्याला सोयीचं होतं. मागच्या दाराखालचा एक न दिसणारा तुकडा निवडून त्याने ओल्या फडक्यावर बोराएवढं कंपाउंड घेतलं, आणि गोल गोल, हलक्या हाताने चोळू लागला. फडकं गुलाबी झालं. मग लाल. त्याने कोरड्या कापडाने पुसून पाहिलं. तळहाताएवढी एक खिडकी उघडावी तसा त्या खडूत डाळिंबाचा दाणा दिसत होता.

"ओ काका! दुसऱ्या बाजूचा रंग पण असाच होईल का?"

त्याने दचकून मागे पाहिलं. तळमजल्याच्या गॅलरीत, कठड्याला लावलेल्या खुर्चीत एक बाई बसली होती. पन्नाशीची असेल, धिप्पाड, केस बारीक कापलेले, आणि डावा पाय प्लॅस्टरमध्ये घालून समोरच्या स्टुलावर ठेवलेला. ती या महिन्यातच राहायला आली होती; सामानाचा टेम्पो त्याने खिडकीतून पाहिला होता.

"होईल," तो म्हणाला.

"किती दिवसांचं काम घेतलंय?"

"रविवारपर्यंत."

"मग चांगलंय. मला पण करमणूक. मी बस चालवते. इतकी वर्षं चालवली, एक ओरखडा नाही उठू दिला, आणि बल्ब बदलताना स्टुलावरून पडले. पडायचं तर पडायचं, नेमका क्लचचा पाय!" ती स्वतःच मोठ्यांदा हसली. "गाडी कुणाची ही? कागद लावलाय ना तिच्यावर? की मालकाला आता जाग आली?"

आता सांगायचं. तोंड उघडलं की झालं. आणि मग त्याने ऐकलं, आपणच बोलतोय, "एका बाईंची आहे."

"त्यांनी तुम्हाला काम दिलंय होय?"

"हो. म्हणजे... त्यांचीच गाडी."

"बाईंना म्हणावं, गाडी अशी टाकत नाहीत. कुठे असतात?"

"बाहेर असतात," तो म्हणाला आणि घाईघाईने पाठ फिरवून दार चोळू लागला. खोटं बोललो, असं त्याला वाटलं. मग वाटलं, यात खोटं नेमकं कुठे होतं? एकेक शब्द त्याने उलटसुलट करून तपासला. एका बाईंची आहे. त्यांचीच गाडी. बाहेर असतात. खोटं सापडेना, आणि छातीत मात्र काहीतरी हलकं होऊन वर येत होतं. कितीतरी काळाने तो तिच्याबद्दल बोलला होता, आणि तिला "होती" न म्हणता.

त्या दिवसापासून तो सकाळची वाट बघू लागला. बसवाली, मनात तो तिला बसवालीच म्हणे, त्याच्या आधीच खुर्चीत येऊन बसलेली असे. ती चहाचा पेला कठड्यावर ठेवी आणि म्हणे, "घ्या, मालकीणबाईंच्या खात्यावर." आणि विचारी. आयुष्यभर लोकांना पाठीमागे बसवून बसवून तिला बोलायची भूक होती. तो उत्तरं देई. आधी एकेका शब्दाची, मग वाक्याची, मग एकदा त्याच्या लक्षात आलं की फडकं हातात तसंच आहे, कंपाउंड वाळून गेलंय, आणि आपण बोलतोय. मालकीणबाई काच खाली करून कोपर बाहेर ठेवून चालवतात, थंडी असली तरी. हॉर्न वाजवत नाहीत. पुढचा गाडीवाला चुकला तर त्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने त्याच्या सबंध खानदानाची चौकशी करतात. गाडी एका दमात लावतात, मागे-पुढे नाही. आणि लावून झाल्यावर जरा वेळ तशाच बसून राहतात, इंजिन बंद करून, गाणं संपेपर्यंत.

"आपल्यातली बाई दिसते," बसवाली म्हणाली. "आणि नवरा? नवरा नाही चालवत?"

तो बॉनेटवर वाकला. "आहे एक. शेजारी बसतो."

"नुसता?"

"दार नीट लागलंय का बघतो. वळण आलं की सांगतो."

"वेळेवर?"

"वळण गेल्यावर."

बसवाली इतकी हसली की तिचा प्लॅस्टरचा पाय स्टुलावर नाचला. "असतात असे! बायकोच्या जिवावर गावभर फिरायचं आणि वर ब्रेक लाव, ब्रेक लाव. ती बरी ठेवून घेते त्याला."

"मलाही तेच नवल वाटतं," तो म्हणाला. आणि मग त्यालाही हसू आलं. आवारात, उघड्यावर, फडकं हातात घेऊन तो हसला. त्याला त्या नवऱ्याची खरोखरच गंमत वाटत होती. किती बावळट माणूस, आणि त्याला किती सुख!

दुपारी वर गेल्यावर मात्र मनात पाल चुकचुके. खोलीत त्याच्या नखांतला लाल रंग वेगळाच दिसायचा. लाल झालेली फडकी त्याने न्हाणीघरात दोरीवर वाळत घातली होती, आणि आत पाऊल टाकताना रोज एकदा दचकायला होई. भिंतीवर तिचा फोटो होता. तो फोटो त्याला बघवत नसे. लग्नानंतर काही वर्षांनी स्टुडिओच्या मालकाने हौसेने तिचा फोटो काढला होता, मोठा करायचा म्हणून, आणि त्याने ते काम घरी आणलं होतं. किती संध्याकाळी तो त्यावर बसला. लहानपणी पायरीवर पडून तिच्या भुवईत एक खाच राहिली होती, ती त्याने भरली. ओठांच्या कडेच्या दोन रेषा काढल्या. डोळ्यांखाली दिवसभराच्या कामाची सावली होती, ती उजळली. मग भुवई भरल्यामुळे दुसरी भुवई विरळ वाटायला लागली, म्हणून तीही. थांबावं कुठे हे त्याला कधी उमगत नसे. एक डाग गेला की शेजारचा दिसायला लागे. पूर्ण झाल्यावर त्याने तो तिच्यापुढे धरला. तिने बराच वेळ पाहिला. म्हणाली, "छान आहे. कोण आहे ही?" त्याला वाटलं, थट्टा करतेय. तिने फोटो कपाटात आतल्या बाजूला तोंड करून ठेवला आणि त्यानंतर कधी कॅमेऱ्यापुढे उभी राहिली नाही. त्यानेही आग्रह केला नाही. दिवसभर चेहरे बघून आलेल्या माणसाला घरी फोटोची हौस नसते. शेवटी जेव्हा हार घालायला फोटो लागला तेव्हा तेवढाच एक सापडला. माणसं येत, त्याच्यापुढे उभी राहत, किती सुंदर म्हणत. आणि तो त्या गुळगुळीत कपाळावर, त्या भरलेल्या भुवयांत तिला शोधत बसे.

तरीही हातून तेच झालं. दोन्ही बाजू झाल्या होत्या, छताचे ढग गेले होते, मागचं झाकण आरशासारखं झालं होतं. बॉनेटच्या मधोमध जी उभी धार असते तिच्यावर एक ओरखडा होता, केसाएवढा. मांजराने उडी मारली असेल. दुरून दिसतही नव्हता. सावली सरकत सरकत बंपरपाशी आली होती, बसवाली आत गेली होती, आवारात शांतता होती. एवढा एक काढावा, असं त्याला वाटलं. चोळलं. पुसलं. जरासा उरला. पुन्हा चोळलं. आता ओरखड्याच्या दोन्ही अंगांना थोडा फरक दिसायला लागला, म्हणून तो फरक घालवायला जरा पुढे गेला. हाताला लय सापडली होती. मनात ती कुठलंसं वळण घेत होती, तो तिला काहीतरी सांगत होता, आणि ती म्हणत होती, आता कशाला सांगतोस, गेलं ते मागे. त्याने फडकं उचललं तर ते लाल नव्हतं. राखाडी होतं. धारेवर, बोटभर लांबीचा, रंगाखालच्या अस्तराचा पट्टा उघडा पडला होता. करडा, निर्जीव, पत्र्याच्या आधीचा.

तो फडकं घेऊन तसाच उभा राहिला. कडांवर हात हलका ठेवा. इतकं साधं सांगितलं होतं त्या माणसाने. एवढ्याशा गोष्टीसाठी रडायचं नसतं, म्हणून तो रडला नाही. पण खाली बसला, पुढच्या चाकाशेजारी, जमिनीवरच. बसवाली कुबड्या ठोकत ठोकत गॅलरीत आली तेव्हाही तो तिथेच होता.

"काय झालं हो? चक्कर आली का?"

"इथे रंग गेला," तो म्हणाला. "माझ्या हातून."

तिने कठड्यावरून मान लांब करून पाहिलं. "एवढासा? मला वाटलं काय. मालकीणबाई रागावतील?"

त्याने विचार केला. "रागावणार नाहीत. बघतील नुसत्या."

"ते वाईट," बसवाली म्हणाली. आणि मग, "मी सांगेन त्यांना. म्हणेन, जीव ओतून केलंय माणसाने. रविवारपर्यंत काम सांगितलंय म्हणजे रविवारी येणारच आहेत ना? काल तो सचिव दिसला होता, त्याला पण मी ठणकावून सांगितलं, कागद काढ तो, मालकीण येतायत रविवारी."

तो उठून उभा राहिला. "तुम्ही सांगितलंत?"

"मग? गाडी उचलून नेली असती मेल्यांनी. म्हणतो कसा, बाई आल्या, गाडी चाकांवर हलवून पलीकडच्या रांगेत लावली, की आमचं काही म्हणणं नाही."

शनिवारी त्याने पॉलिश केलं, मेण चढवलं, पायपंपाने चारही चाकांत हवा भरली. दाराच्या कुलपाभोवती बारीक ओरखड्यांचा गुंता होता. अंधारात किल्ली चुकून लागायची तिथला. त्याने फडकं तिथवर नेलं आणि परत घेतलं. "तेवढं राहिलं की," बसवाली कठड्यावरून म्हणाली. "असू दे," तो म्हणाला. "ते काम माझं नाही." संध्याकाळी सचिवांच्या दारावरून दोनदा गेला. रात्री त्याने ते वाक्य मनात कितीतरी वेळा जुळवलं, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्याच कुणीतरी ते म्हणून टाकावं असं त्याला वाटलं. भीती गाडी जाण्याची होती हे खरंच. पण त्याहून मोठी भीती त्याला आता कळत होती. ही आठवडाभराची बाई, बाहेर असणारी, कोपर काचेबाहेर ठेवणारी, रविवारी यायची असलेली, ती त्या वाक्याबरोबर जाणार होती. आणि या खेपेला सांगणारा डॉक्टर नव्हता. तो होता.

रविवारी भंगारवाल्याचा ट्रक फाटकात येऊन उभा राहिला. सचिव चपला घालून खाली आले. तरुण, नम्र, हातात फोन. दोन मजूर साखळी घेऊन उतरले आणि गाडी बघून थबकले. "ही?" त्यातला एक म्हणाला. "साहेब, ही तर नवी दिसते."

"मालकीण कुठे आहेत?" सचिवांनी विचारलं.

"येतायत," बसवाली म्हणाली. आज ती कुबड्या घेऊन आवारात उतरली होती, इस्त्रीचे कपडे करून. "घाई काय आहे? रविवारच आहे ना अजून?" मग त्याच्याकडे वळून, "काका, किती वाजता म्हणाल्या होत्या?"

सगळे फाटकाकडे बघू लागले. सचिव, मजूर, खुर्चीवरून उठलेला वॉचमन, बसवाली. ट्रकच्या बाजूला जेवढी वाट उरली होती तेवढ्यातून बाहेरचा रस्ता दिसत होता. उन्हात एक बाई पिशवी घेऊन चालली होती. ती आली, फाटकासमोरून गेली. तोही बघत होता. आणि बघता बघता त्याच्या ध्यानात आलं की आपण नुसते बघत नाही आहोत. आपण वाट बघतोय. खरीखुरी, पावलांचा कानोसा घेत. ते लक्षात आलं आणि त्याला स्वतःची एवढी भीती वाटली की त्याने तोंड उघडलं.

"ती येणार नाही," तो म्हणाला. आवाज फाटला, म्हणून त्याने पुन्हा म्हटलं. "ती येणार नाही. वारली ती. बरीच वर्षं झाली. माझी बायको. मी इथलाच आहे, तिसऱ्या मजल्यावरचा."

आकाश कोसळलं नाही. ट्रकचं इंजिन तेवढं घरघरत होतं. सचिवांनी फोन खिशात ठेवला, आणि मग काय करावं न सुचून पुन्हा बाहेर काढला. "काका, अहो, मला नुसतं सांगायचं होतं ना," ते म्हणाले, "मी कागदच लावला नसता."

बसवाली त्याच्याकडे बघत होती. चेहऱ्यावर राग असावा असं त्याला वाटलं, मग वाटलं की नसावा. सुलट चेहरे वाचायची त्याला सवय नव्हती. "मला तरी सांगायचं," ती हळू आवाजात म्हणाली. "मी त्या नवऱ्याला काय काय बोलले."

"बरोबर बोललात."

"आठवडाभर मला खेळवलंत."

"नाही हो," तो म्हणाला. "तुम्ही विचारायचात, तेवढा वेळ ती असायची."

बसवालीने नाक ओढलं, कुबडी काखेत घट्ट केली, आणि एकदम मजुरांकडे वळून थांब्यावरच्या गर्दीला दटावावं तशी ओरडली, "ती साखळी ठेवा तिकडे! हात रिकामे करा. गाडी चाकांवर हलवून दाखवायची आहे ना? ढकला. काका, किल्ली आहे? बसा आत."

तो सवयीने वळसा घालून शेजारच्या दाराकडे गेला. "तिकडे नाही," ती म्हणाली. "इकडे. आज तुम्हालाच धरायचंय स्टिअरिंग. मी आहे ना बाहेर, मी सांगते."

त्याने तिच्या बाजूचं दार उघडलं. आत बसायला गेला तर बसताच येईना. तिच्या उंचीला लावलेली सीट पार पुढे होती. पहिल्या दिवशी लावली ती लावली, गाडी दुरुस्तीला टाकतानाही ती कारागिराला बजावायची की सीटला हात लावायचा नाही. तो अंग चोरून कसाबसा आत शिरला. गुडघे स्टिअरिंगखाली अडकले, छाती लोकरीच्या आवरणाला टेकली. ती एवढ्याशा जागेत मावायची. बसवालीने खिडकीतून हात घालून गियर मोकळा कसा करायचा ते दाखवलं, हातब्रेक सोडवला. "वळवून बघा चाक."

त्याने वळवलं. चाक धरलेला हात गुडघ्यावर येऊन अडला.

"सीट मागे घ्या काका. खाली दांडी असते."

"माहीत आहे," तो म्हणाला. हात मात्र स्टिअरिंगवरच होते. गुडघा आत दाबून त्याने पुन्हा वळवून पाहिलं. तेवढंच वळलं.

"अशी नाही हो वळायची. समोर भिंत आहे."

"थोडा वेळ," तो म्हणाला. "थोडा वेळ असाच बसतो."

बसवालीने मागे बघितलं आणि तळहात वर केला. मागे वाकलेली माणसं तशीच थांबली. सचिवही अस्तन्या सारून त्यांच्यात उभे होते. कुणी घाई केली नाही. समोर बॉनेटचा लाल रंग पसरला होता, त्याच्या धारेवरचा तो करडा पट्टा तिच्या जागेवरून अगदी नाकासमोर येत होता. त्याने वाकून सीटखाली हात घातला आणि दांडी चाचपली. ती गंजली होती, आधी हललीच नाही. त्याने पाय रोवून दोन्ही हातांनी ओढली. आत काहीतरी कडकडलं, आणि सीट त्याच्यासकट मागे सरकत गेली.

त्याचे पाय लांब झाले.

"हं," बसवाली म्हणाली. "आता ढकला रे."